जर्मनीत शिकायला निघताना: खोलीच्या किल्लीपासून परीक्षेच्या नोंदणीपर्यंत

सप्टेंबर उजाडला की महाराष्ट्रातून जर्मनीला मास्टर्ससाठी निघणाऱ्या मुलामुलींच्या घरी एकच गडबड असते. प्रवेशपत्र, एपीएसचं प्रमाणपत्र (आपली पदवी आणि गुणपत्रिका खऱ्या असल्याची जर्मन पडताळणी; १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना ते व्हिसाच्या आधी लागतंच), बंद खात्यात (जिथे राहण्याचा खर्च आधी भरायचा आणि तिथे गेल्यावर दरमहा ठरावीक रक्कमच मिळते) भरलेले पैसे, व्हिसा या सगळ्यात वर्ष-दीड वर्ष गेलेलं असतं. पासपोर्टवर व्हिसा चिकटला की आई-वडिलांना वाटतं, सुटलो एकदाचे. पण विद्यार्थ्याची सगळ्यात जास्त दमछाक होते ती विमान उतरल्यानंतरच्या पाच-सहा आठवड्यांत. तिथलं प्रत्येक काम आधीच्या कामावर अडलेलं असतं. पक्का पत्ता नसेल तर नगरपालिकेत नोंद होत नाही. नोंद नसेल तर बँकेचं आणि बंद खात्याचं काम रखडतं, आणि पैसे सुरू झाले नाहीत तर पुढचं भाडं कुठून देणार?

या साखळीची पहिली कडी म्हणजे खोलीची किल्ली. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, की तिकीट स्वस्त कधी मिळतंय ते नंतर बघा. आधी किल्ली कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणाच्या हातून मिळणार ते लेखी विचारून घ्या.

किल्लीचा दिवस आधी, तिकीट नंतर

बहुतेक विद्यार्थी पहिल्यांदा श्टुडिएरेंडेनवेर्क या विद्यार्थ्यांच्या सोयी बघणाऱ्या संस्थेच्या वसतिगृहात, म्हणजे वोनहाइममध्ये राहतात. तिथे किल्ली हाउसमाइस्टर देतो. तो इमारतीची देखभाल करणारा माणूस असतो आणि ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळीच भेटतो, बऱ्याच ठिकाणी फक्त सकाळी, सोमवार ते शुक्रवार. शुक्रवारी संध्याकाळी पोहोचलात तर सोमवारपर्यंत किल्ली नाही, आणि त्या तीन रात्री हॉटेलात किंवा ओळखीच्या कोणाच्या तरी जमिनीवर काढाव्या लागतात.

हिवाळी सत्र विद्यापीठांमध्ये १ ऑक्टोबरला सुरू होतं, तास साधारण ऑक्टोबरच्या मध्यावर. होखशूले प्रकारच्या, म्हणजे उपयोजित शिक्षणाच्या, संस्थांमध्ये हे सगळं सप्टेंबरमध्येच सुरू होतं, तेव्हा आपलं पत्र नीट वाचा. खोलीचा करार १ ऑक्टोबरपासून असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा: ३ ऑक्टोबर हा जर्मन एकीकरणाचा राष्ट्रीय सुटीचा दिवस. त्या दिवशी दुकानं बंद, कार्यालयं बंद. तो दिवस रविवारला लागून आला की ओळीने दोन-तीन दिवस सगळं शहर मिटलेलं असतं. माझ्या मते सोमवार ते बुधवार यांपैकी एका दिवशी सकाळी उतरणं सगळ्यात सोयीचं. त्यासाठी चार-पाच हजार रुपये जास्त गेले तरी द्यावेत.

खोली मिळालीच नसेल तर? तात्पुरती जागा घ्या, पण घेताना एकच प्रश्न विचारा: या पत्त्यावर नोंदणी करता येईल का, घरमालक तसा कागद सही करून देईल का? पर्यटकांच्या वसतिगृहात किंवा काही आठवड्यांसाठी घेतलेल्या खोलीत तो सहसा मिळत नाही. शिवाय ऑनलाइन जाहिरात पाहून, खोली न बघता, ‘मी सध्या परदेशात आहे, अनामत पाठवा, किल्ली पोस्टाने पाठवतो’ असं म्हणणाऱ्याला एक युरोही पाठवू नका. या एका वाक्यावर दर वर्षी मुलं फसतात. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कक्षाला ईमेल करून खात्री करून घेणं केव्हाही बरं.

बॅगेत काय, आणि काय अजिबात नाही

सामानाचा नियम विमान कंपनी किलोत सांगते. मी वेगळा सांगतो: जेवढं एकट्याला, कोणाच्या मदतीशिवाय, रेल्वेच्या जिन्यावरून एका फेरीत चढवता येईल तेवढंच. छोट्या स्टेशनांवर लिफ्ट बंद असते किंवा नसतेच. हमाल नावाचा प्रकार तिथे नाही. २३ किलोच्या दोन बॅगा, वर केबिन बॅग आणि पाठीवर लॅपटॉप हे ओझं घेऊन आठ मिनिटांत फलाट बदलायचा, ही वेळ येतेच. दोन मोठ्या बॅगा न्यायच्याच असतील तर चारही चाकं चांगली फिरणाऱ्या घ्या.

हातातल्या बॅगेत कागदपत्रं. मूळ गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, एपीएस, प्रवेशपत्र, बंद खात्याचा पुरावा, विम्याचं पत्र, खोलीचा करार, जन्मदाखला, पासपोर्ट आकाराचे बायोमेट्रिक फोटो. यांपैकी एकही कागद खाली जाणाऱ्या बॅगेत नको. प्रत्येकाचा स्कॅन फोनमध्ये, ईमेलमध्ये आणि घरी भावंडाकडे ठेवा. नियमित गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी आणि सुमारे तीन महिने पुरेल इतकं औषध हातातच ठेवा. तिथे साधं अँटिबायोटिकही चिठ्ठीशिवाय मिळत नाही. दातांचं आणि चष्म्याचं काम निघण्याआधी इथेच उरकून घ्या.

आता खाण्याचं. इथे आयांशी थोडं वाकडं बोलावं लागतं. युरोपीय संघाबाहेरून येताना दूध आणि मांस यांपासून केलेले पदार्थ प्रवाशाला आणता येत नाहीत. त्यामुळे साजूक तूप, पेढे, खव्याची बर्फी, चक्का हे घरी ठेवायचं. ताज्या फळांना आणि भाज्यांना वनस्पती आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून आंबे नकोत आणि कढीपत्त्याची जुडीही नको. कढीपत्ता घरी सुकवून, चुरून मसाल्यात मिसळून न्या. खोबऱ्याच्या सुक्या वाट्याही विमानाच्या सुरक्षा तपासणीत काढून ठेवतात, कारण त्यातल्या तेलामुळे ते पेट घेणाऱ्या वस्तूंमध्ये धरतात. पॉवर बँक नेहमी हातातल्या बॅगेत.

मग न्यायचं काय? गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, मेतकूट, थालीपीठाची भाजणी, आमसुलं, शेंगदाण्याची चटणी. सगळं घट्ट बंद पाकिटात, वर इंग्रजीत नाव लिहून. डाळ-तांदूळ नेऊन वजन घालवू नका. मसूर, हरभरे, कोथिंबीर तुर्की दुकानात मिळतात, तूरडाळ आणि कणिक आशियाई दुकानात. तुपाची चिंता तर मुळीच नको. तिथलं बिनमिठाचं लोणी अडीचशे ग्रॅमच्या वडीत मिळतं, ते मंद आचेवर कढवलं की घरच्यासारखं रवाळ तूप होतं.

कुकर न्याच, तीन लिटरचा, सपाट तळाचा आणि इंडक्शनवर चालणारा. तिथल्या शेगड्या काचेच्या सपाट पृष्ठभागाच्या असतात. गोल बुडाची कढई त्यावर तापत नाही आणि अ‍ॅल्युमिनियमचं भांडं इंडक्शनवर काम करत नाही. सोबत कुकरच्या दोन जादा रिंगा आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह. एवढ्याशा वस्तूसाठी नंतर घरून पार्सल मागवावं लागतं. विजेचा दाब आपल्यासारखाच २३० व्होल्ट आहे, फक्त आपली तीन पिनांची प्लग तिथे बसत नाही. दोन-तीन अडॅप्टर आणि इथलंच एक एक्स्टेन्शन बोर्ड नेलं की काम भागतं.

जाड कोट इथे घेऊ नका. एक बरं जॅकेट, दोन स्वेटर आणि थर्मल पुरे. ऑक्टोबरात थंडी पाच ते पंधरा अंशांच्या घरात असते, खरा कोट नोव्हेंबरात तिथेच घ्या. पण एक सोलापुरी चादर आणि उशीचा अभ्रा आठवणीने घ्या. वोनहाइमच्या खोलीत बहुधा पलंग आणि गादी असते, पांघरूण आणि उशी नसते.

मुंबईची रात्र

युरोपची बरीच विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात आणि इथेच तारखेचा घोळ होतो. तिकिटावर ३० सप्टेंबर, ००:५५ असं असेल तर विमानतळावर २९ तारखेच्या रात्री नऊला पोहोचायचं आहे. घरातल्या प्रत्येकाला ही तारीख तोंडी सांगा, गाडीवाल्यालाही. विमानतळाचं नावही नीट वाचा, कारण २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. नागपूरहून किंवा दुसऱ्या गावाहून विमानाने येऊन मुंबईत विमान बदलणार असाल तर दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी घेतली आणि पहिलं उशिरा आलं तर दुसऱ्याची जबाबदारी कोणी घेत नाही. शिवाय सांताक्रूझचं टी-१ आणि सहारचं टी-२ ही दोन वेगळी ठिकाणं आहेत.

पुण्या-कोल्हापूरकडच्यांनी खंडाळ्याच्या घाटाचा भरवसा धरू नये. शनिवार-रविवारी संध्याकाळी किंवा जोराच्या पावसात द्रुतगती मार्गावर दोन तास सहज जातात. निघायचा दिवस अनंत चतुर्दशीला आला तर दुपारीच मुंबई गाठा. लातूर, नांदेड, जळगावकडून रात्रभर गाडीने येऊन तसंच विमानात बसणं मला पटत नाही. एक दिवस आधी येऊन नातेवाइकांकडे नीट झोप काढा, कारण पुढची झोप कधी मिळेल ते सांगता येत नाही. निरोपाला चार गाड्या भरून माणसं येतात, तो आपला जिव्हाळा आहे. पण आत तिकिटाशिवाय कोणालाच जाता येत नाही, तेव्हा बाहेरच्या फुटपाथवर तासभर घुटमळण्यापेक्षा घरीच देवापुढे नमस्कार करून, पोटभर जेवून निरोप घेतलेला जास्त शांतपणे होतो.

पैशाचं सोपं गणित सांगतो. बंद खात्यात सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो ठेवावे लागतात, म्हणजे दरमहा ९९२. पण तो पैसा उतरल्या दिवशी हातात येत नाही. पहिला हप्ता येईपर्यंत तीन ते सहा आठवडे धरून चला. तेवढ्यात भाडं, अनामत (कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांचं मूळ भाडं), सत्राचं शुल्क, गादीवरची उशी, भांडी, तिकिटं सगळं येतं. म्हणून अनामत सोडून निदान १,२०० ते १,५०० युरो वेगळे हवेत. त्यातले तीनशे-चारशे नोटांमध्ये, तेही लहान नोटांत, आणि बाकीचे फॉरेक्स कार्डावर. छोट्या बेकऱ्या आणि दुकानं परदेशी कार्ड कधी कधी घेत नाहीत.

भारतातलं सिम कार्ड बंद करू नका. बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. निघण्याआधी रोमिंग चालू करून, घरी बसल्या बसल्या तपासून घ्या आणि वर्षभर ते जिवंत राहील एवढा रिचार्ज कोणीतरी करत राहील अशी व्यवस्था लावा.

उतरल्यावरचे पहिले तीन तास

मुंबई ते फ्रँकफर्ट सलग उड्डाण साधारण नऊ तासांचं. दोहा, अबू धाबी किंवा दुबईमार्गे गेलात तर वाटेतला थांबा धरून बारा ते अठरा तास लागतात. पॅरिस किंवा ॲमस्टरडॅममार्गे जात असाल तर पासपोर्टची तपासणी तिथेच होते, जर्मनीत नाही. म्हणून त्या मधल्या थांब्याला दोन तासांपेक्षा कमी वेळ ठेवू नका.

पासपोर्ट खिडकीवरचा अधिकारी तुटक बोलतो, त्याने घाबरू नका. काय शिकणार, कुठे राहणार, किती वर्षं, एवढंच तो विचारतो आणि इंग्रजीत उत्तर दिलेलं चालतं. प्रवेशपत्र आणि राहण्याचा पत्ता हातात असू द्या. बॅग मिळाल्यावर कस्टमचे हिरवा आणि लाल असे दोन रस्ते असतात. दहा हजार युरो किंवा त्याहून जास्त रोकड असेल तर जाहीर करावीच लागते. विद्यार्थ्याकडे ती असण्याचं कारण नाही.

घरी फोन करा. उन्हाळी वेळेत जर्मनी आपल्या साडेतीन तास मागे असते, त्यामुळे तिथे सकाळचे सहा म्हणजे इकडे साडेनऊ. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि हा फरक साडेचार तासांचा होतो. आई-वडिलांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर नोव्हेंबरात फोनच्या वेळा चुकतात.

मग रेल्वे. फ्रँकफर्ट विमानतळावर दोन स्टेशनं आहेत. टर्मिनल १ च्या खालचं प्रादेशिक स्टेशन, जिथून एस-८ आणि एस-९ या लोकल गाड्या शहरात जातात, आणि पुलाने जोडलेलं लांब पल्ल्याचं फेर्नबानहोफ, जिथून आयसीई या वेगवान गाड्या सुटतात. डीबी नॅव्हिगेटर हे जर्मन रेल्वेचं ॲप घरीच उतरवून, दोन-चार मार्ग शोधून हाताखालून घालवा. श्पारप्राइस हे स्वस्त तिकीट ठरलेल्या गाडीलाच चालतं. रेल्वे उशिरा आली तर दुसऱ्या गाडीने जाता येतं, पण विमान उशिरा आलं तर तिकीट वाया जातं. म्हणून पहिल्या दिवशी विमान उतरण्याच्या वेळेनंतर किमान तीन तासांची गाडी धरा, किंवा थोडं महाग पण कोणत्याही गाडीला चालणारं फ्लेक्सप्राइस घ्या. डॉइचलांड तिकीट या मासिक पासावर देशभरच्या एस-बान (लोकल) आणि आरबी, आरई (प्रादेशिक) गाड्या चालतात. आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्या चालत नाहीत. विद्यापीठाचं सत्र तिकीट, म्हणजे विद्यार्थ्यांचा प्रवासाचा पास, सहसा १ ऑक्टोबरपासून लागू होतं, त्याआधी उतरलात तर भाडं खिशातून.

एक बारकावा नवख्याला कोणी सांगत नाही. काही गाड्या वाटेत एखाद्या स्टेशनवर दोन भागांत तुटतात, पुढचे डबे एका गावाला आणि मागचे दुसऱ्या. डब्याच्या दारावर किंवा आतल्या पडद्यावर गावाचं नाव वाचूनच बसा. आणि फलाट ऐनवेळी बदलतो, म्हणून गाडी येईपर्यंत ॲपकडे लक्ष ठेवा. गोंधळ उडालाच तर शेजारच्या माणसाला विचारा. जर्मन माणूस स्वतःहून बोलणार नाही, पण विचारलं की थांबून, नकाशा काढून सांगतो आणि बरेचदा बॅगही उचलू लागतो.

पहिली संध्याकाळ

किल्ली घेताना यूबरगाबेप्रोटोकोल नावाचा कागद भरून घेतात. त्यात खोलीची स्थिती लिहायची असते. प्रवासाने डोळे मिटत असले तरी या कागदावर घाईने सही करू नका. भिंतीवरचे डाग, खिडकीची मोडकी मूठ, फरशीवरचा ओरखडा सगळं लिहा, प्रत्येकाचा फोटो काढा. दोन वर्षांनी खोली सोडताना अनामत याच कागदावर परत मिळते.

लगेच जवळच्या सुपरमार्केटात जा. रविवारी ती बंद असतात. उघडी राहतात ती मोठ्या स्टेशनांतली थोडी दुकानं. दूध, ब्रेड, अंडी, भात, साबण एवढं पुरे. पाणी विकत घेण्याची गरज नाही, नळाचं पाणी पिण्याजोगं आहे. बाटलीवर पंचवीस सेंट जास्त लागतात ती तिची अनामत आहे, रिकामी बाटली दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की परत मिळते. बरोबर नेलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी पहिल्या दोन जेवणांना उपयोगी पडतात. चार वाजता झोप अनावर होईल, तरी नऊपर्यंत जागे राहा.

फोडणी घालण्याआधी वर बघा. छताला धुराचा गजर असतो आणि काही इमारतींत तो थेट अग्निशमन दलाशी जोडलेला असतो. ते उगाच आले तर बिल तुम्हाला येऊ शकतं. मिरचीचा ठसका उठण्याआधी खिडकी सताड उघडा, चिमणी चालू करा आणि दरवाजा बंद ठेवा. रोज सकाळ-संध्याकाळ पाच-दहा मिनिटं खिडकी पूर्ण उघडून हवा खेळवावी लागते, नाहीतर हिवाळ्यात भिंतीला बुरशी धरते. रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवारी दिवसभर शांतता पाळायची. कचरा वेगवेगळा: पॅकिंग पिवळ्यात, कागद निळ्यात, ओला कचरा बहुतेक गावांत तपकिरी डब्यात.

कागदांची साखळी

पहिला कागद, वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. नाव लांबलचक असलं तरी ते घरमालकाचं एका पानाचं पत्र आहे, की हा विद्यार्थी अमुक तारखेपासून माझ्याकडे राहतो. ते घेऊन ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे नगरपालिकेच्या कार्यालयात, आनमेल्डुंग (पत्त्याची नोंद) करायचं, कायद्याने राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत. मोठ्या शहरांत अपॉइंटमेंट महिनाभर मिळत नाही. म्हणून पत्ता कळला की भारतातूनच ऑनलाइन वेळ घेऊन ठेवा. न मिळाल्यास प्रयत्न केल्याचे ईमेल जपून ठेवा, आणि सकाळी सातला संकेतस्थळ उघडून बघत जा, कोणीतरी रद्द केलेली वेळ सापडते.

इथे नावाचा प्रश्न उभा राहतो आणि तो आपला खास आहे. आपल्या पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात बहुधा वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही असतं. जर्मन कार्यालयात ते सगळं मिळून तुमचं पहिलं नाव ठरतं. बँक, विमा, विद्यापीठ, सगळीकडे पासपोर्टावर आहे तसंच, त्याच क्रमाने, त्याच स्पेलिंगने लिहा. एका ठिकाणी वडिलांचं नाव गाळलं आणि दुसऱ्या ठिकाणी लिहिलं, की बंद खात्याची पडताळणी अडकते. आणि टपालपेटीवर आडनाव चिकटवा, पहिल्याच दिवशी. बँकेचं कार्ड, पिन, कर क्रमांक सगळं टपालाने येतं. पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत पाठवतो.

आनमेल्डुंगचा कागद हातात आला की बँक खातं उघडा आणि त्याचा आयबॅन (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) बंद खात्याच्या कंपनीला कळवा. तिथून ९९२ युरोंचा मासिक हप्ता सुरू होतो. कर क्रमांक काही आठवड्यांत पत्राने येतो, तो नोकरी धरताना लागतो.

आरोग्य विम्यात घाई करू नका, पण उशीरही नको. प्रवासी विमा फक्त प्रवेशाची नोंदणी होईपर्यंतचा. विद्यापीठात नाव दाखल होण्यासाठी सरकारी विमा कंपनीकडून विद्यापीठाला परस्पर कळवलं जावं लागतं. हा विद्यार्थी विमा दरमहा दीडशे युरोंच्या आसपास पडतो आणि तो वयाची ३० वर्षं पूर्ण होईपर्यंत मिळतो. एकोणतीस-तिशीत शिकायला येणाऱ्यांनी याची चौकशी भारतातूनच करावी. खाजगी स्वस्त विमा घेऊन सरकारी विम्यातून सूट घेतली तर शिक्षण संपेपर्यंत परत येता येत नाही, तेव्हा एजंटच्या सांगण्यावरून सही करू नका.

व्हिसाची मुदत संपायच्या निदान दोन महिने आधी आउसलेंडरबेहोर्डे या परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडे निवास परवान्याचा अर्ज करा. अर्ज मुदतीत गेला असेल तर अपॉइंटमेंट उशिरा मिळाली तरी वास्तव्य कायदेशीर राहतं. मुदतीनंतर गेला तर नाही. अर्ज पोहोचल्याची पोच जपा.

एक पत्र आणखी येईल, रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचं, महिन्याला १८.३६ युरो. टीव्ही नसला तरी ते द्यावं लागतं, पण ते घरामागे एकदाच आहे, माणसामागे नाही. सामायिक घरात कोणी आधीच भरत असेल तर त्याचा क्रमांक कळवून मोकळे व्हा, आणि आपला वाटा त्याला द्या. वोनहाइममध्ये स्वतंत्र खोली हे वेगळं घर धरलं जातं की नाही, ते हाउसमाइस्टरला विचारा.

काम करायचं असेल तर मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस करता येतं, आणि १ जानेवारी २०२६ पासून किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. पण पहिल्या सत्रात काम धरू नका असं माझं ठाम मत आहे. कर्जाचा हप्ता डोक्यावर असला तरीही. पहिल्या सत्रात दोन विषय राहिले तर पूर्ण सत्र वाढतं, आणि त्या सहा महिन्यांचा खर्च कामाच्या कमाईपेक्षा जास्त होतो.

जे कागदावर नसतं

पहिल्या आठवड्यात सगळ्यात आधी जाणवते ती शांतता. बस भरलेली असते आणि कोणी बोलत नाही. हॉर्न नाही, भाजीवाल्याची आरोळी नाही, शेजारच्या घरातून कुकरची शिट्टी नाही. आपल्या वाड्या-चाळींतून, गावांतून आलेल्या मुलाला ती आधी छान वाटते, मग चौथ्या-पाचव्या दिवशी अंगावर येते. यात तुमचं काही चुकत नाही. रिकामा रस्ता आणि लाल दिवा असला तरी पादचारी थांबलेले दिसतील, तुम्हीही थांबा, विशेषतः लहान मुलं बघत असतील तेव्हा. दुकानात शिरताना हालो आणि निघताना च्युस म्हटलं की समोरच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो.

डिसेंबरात सूर्य आठनंतर उगवतो आणि साडेचारच्या सुमारास मावळतो. उन्हात वाढलेल्या शरीराला आणि मनाला हे जड जातं. दुपारी अर्धा तास बाहेर चालत जा, ढग असले तरी. डॉक्टरांना ड जीवनसत्त्वाबद्दल विचारा. झोप लागेना, जेवण नकोसं झालं, तासांना जावंसं वाटेना असं दोन आठवडे चाललं तर श्टुडिएरेंडेनवेर्कच्या समुपदेशन केंद्रात जा. बऱ्याच ठिकाणी इंग्रजीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. घरच्यांनीही इथे एक समजून घ्यावं. रोज रात्री व्हिडिओ कॉलवर ‘जेवलास का’ विचारणं प्रेमाचं आहे, पण कधी दोन दिवस फोन आला नाही तर त्याचा अर्थ तो तिथे रुळतोय असाही असतो.

फ्रँकफर्ट, म्युनिक, बर्लिन, श्टुटगार्टसारख्या शहरांत मराठी मंडळी गणपती बसवतात, दिवाळीचा फराळ करतात. श्टुटगार्ट तर १९६८ पासून मुंबईचं भगिनी शहर आहे. मंडळात जा, ओळखी करून घ्या, पण वोनहाइमच्या सामायिक स्वयंपाकघरातही बसा. फक्त मराठी मित्रांत राहिलेल्या मुलांचं जर्मन दोन वर्षांनीही बेकरीपुढे जात नाही, आणि नोकरी शोधताना ते आडवं येतं. पुण्याच्या माक्स म्युलर भवनात ए-१, ए-२ या जर्मनच्या पहिल्या पातळ्या करून आलेल्यांनी ते रोज वापरावं. चुकीचं बोललं तरी लोक दुरुस्त करतात, हसत नाहीत.

दुखलं-खुपलं तर क्रमांक तीन. जीवावरचं किंवा आग, ११२. पोलीस, ११०. रात्री-अपरात्री डॉक्टर हवा पण तातडीचा धोका नाही, ११६११७. हे तीनही फोनमध्ये मराठी नावाने साठवा, घाबरल्यावर परकी नावं आठवत नाहीत.

वर्गात शिरल्यावर

वेळापत्रकात १० सी.टी. लिहिलं असेल तर तास सव्वादहाला सुरू होतो. एस.टी. लिहिलं असेल तर बरोबर दहाला. प्राध्यापक हजेरी सहसा घेत नाहीत, वर्षभर छोट्या चाचण्या नसतात. बऱ्याच विषयांत सत्राच्या शेवटी एकच परीक्षा, तीवरच सगळे गुण. आपल्याकडच्या अंतर्गत गुणांची सवय झालेल्यांना पहिल्या सत्रात इथेच फटका बसतो. पहिल्या आठवड्यापासून सरावाचे तास, ज्यांना यूबुंग म्हणतात, ते चुकवू नका. परीक्षेतले प्रश्न तिथल्या गणितांच्या जवळ जाणारे असतात.

आणि परीक्षेची नोंदणी. प्रवेश झाला, शुल्क भरलं, तासांना बसलो म्हणजे परीक्षेला आपोआप नाव गेलं असं होत नाही. बहुतेक विद्यापीठांत प्रत्येक विषयाच्या परीक्षेसाठी पोर्टलवर स्वतंत्र नोंद करावी लागते. तिची मुदत काही ठिकाणी नोव्हेंबर-डिसेंबरातच संपते, परीक्षा फेब्रुवारीत असली तरी. मुदत गेली की त्या सत्रात परीक्षा नाही. नाव मागे घ्यायचीही वेगळी तारीख असते, आणि नोंद करून गैरहजर राहिलात तर बऱ्याच अभ्यासक्रमांत तो नापास झालेला प्रयत्न धरतात. प्रयत्न तीनच असतात बहुतेक ठिकाणी. ओळख सप्ताहात या दोन्ही तारखा प्र्यूफुंग्सआम्टमध्ये, म्हणजे परीक्षा कार्यालयात, विचारून घ्या, खोलीच्या दारामागे चिकटवा आणि आपल्याबरोबर आलेल्या दुसऱ्या मुलालाही सांगा.